शिवणकामासाठी घरातली अख्खी खोली द्यावी का?

कातरकाम:
डोंबिवलीत वन बीएचके आहे. ९ वर्षं घरीच ब्लाउज शिवते. गेल्या महिन्यात बेडरूममधला पलंग काढला आणि तिथे कटिंगचं टेबल आणि मशीन मांडली. आम्ही तिघं आता हॉलमध्ये गाद्या घालून झोपतो. घराचं दुकान केलं, असं सासरची माणसं म्हणतात. मला ते मान्य नाही. ज्या कामावर घर चालतं त्याला घरात हक्काची जागा हवी. इतकी वर्षं जमिनीवर बसून कापलं. जेवणाच्या वेळी सगळं गोळा करायचं, मग पुन्हा पसरायचं, यात रोजचा तास जायचा. एकदा पैठणीच्या ब्लाउजपीसवर वरण सांडलं. भरपाई दिली, तरी त्या बाई परत आल्या नाहीत. आता टेबल ३६ इंच उंच करून घेतलंय, उभ्यानं कापते, कंबर धरत नाही.

दोनटाके:
ताई, पटलं नाही. लगीनसराई आणि दिवाळी सोडली तर खोलीभर काम असतं का? मुलाची अभ्यासाची जागा गेली, ती शिलाईच्या दरात कशी धरणार? माझं टेबल भिंतीला बिजागरीवर आहे, काम झालं की मिटतं. प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी पिशवी. कापड, अस्तर, हुक, मापाचा ब्लाउज सगळं तिच्यात. पिशव्या कपाटात. १२ वर्षांत एक डाग नाही.

कातरकाम:
पिशव्या माझ्याकडेही आहेत. पण कापलेली कटोरी (ब्लाउजचा छातीवरचा वाटीसारखा तुकडा) पिशवीत कोंबली की उरेब, म्हणजे तिरकी कापलेली बाजू ताणली जाते, मग शिवताना मेळ बसत नाही. टेबलावर तशीच राहिली तर सकाळी थेट मशीनवर घेता येते. मुलगा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अभ्यास करतो. त्याच्यासाठी सुया-टाचण्यांना झाकणाचा डबा केलाय.

खालचामजला:
मी शिवत नाही, अशा घराच्या खाली राहतो. खोली द्या, पण मोटार बघा. क्लच मोटर पाय उचलला तरी घरघरत राहते, आणि रात्री अकराला ते आमच्या डोक्यावर. सर्वो मोटर पाय दाबला तरच फिरते, वीजही कमी खाते. स्टँडखाली जाड रबर घाला.

कातरकाम:
दादा, रबर आजच घालते. मोटारीचं दिवाळीनंतर नक्की. मीटर कमर्शियल होईल असं मात्र सगळे घाबरवतात.

वीजबिल:
खोली वेगळी केली म्हणून होत नाही. घराच्या काही भागात व्यवसाय असला तरी महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत वापर असेल, तर महावितरणचा घरगुती दरच लागतो. एका मशीन-इस्त्रीनं तेवढं होत नाही. त्या खोलीत एसी लावलात तर मात्र दर महिन्याचं बिल बघत जा.

दोनटाके:
हे कामाचं सांगितलंत. पण ताई, ट्रायल कुठे देता? खोलीत तर मशीन.

कातरकाम:
तिथेच. दाराला आतून कडी, भिंतीला उभा आरसा. आधी बाथरूममध्ये पाठवावं लागायचं. ओल्या फरशीवर साडी सावरत बायका कशाबशा घालून बघायच्या, आणि काखेत घट्ट होतंय हे घरी गेल्यावर कळायचं. आता हात वर करून, बसून, निवांत बघतात. दुरुस्तीला परत येणारे ब्लाउज निम्म्यावर आले.

दोनटाके:
हे माझ्याकडे खरंच नाही. माझ्याही गिऱ्हाइकांना बाथरूमच. पलंग काढणार नाही, पण कपाटाशेजारच्या कोपऱ्याला पडदा आणि आरसा या रविवारी लावते.