एज ऑफ अल्ट्रॉन: जमलं काय, फसलं कुठे?

तलावपाळी: ठाण्यात आमच्या फिल्म क्लबमध्ये रविवारी 'अॅव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन' (2015) हा सुपरहिरोपट दाखवून चर्चा ठेवली आहे. 141 मिनिटांत नेमकं काय जमलंय? प्रसंगासकट सांगा.

घोडबंदरकर: पार्टीतला थॉरचा हातोडा आधी घ्या; तो फक्त लायक असलेल्यालाच उचलता येतो. बहुतेक जण जोर लावतात, कॅप्टन अमेरिकाच्या हातात तो किंचित हलतो, थॉरचा चेहरा उतरतो. तेव्हा निव्वळ गंमत वाटते. पुढे व्हिजन हा नव्याने घडवलेला कृत्रिम वीर तोच हातोडा सहज उचलून थॉरच्या हाती देतो आणि या नवख्यावर विश्वास का ठेवायचा, हे भाषणाशिवाय पटतं. पटकथेत पेरणी करावी तर अशी! शेवटच्या लढाईत शहर रिकामं करायला दिलेला वेळही मोलाचा आहे.

वाशी_प्रेक्षक: घसरण खलनायकात आहे. अल्ट्रॉन हा विचार करणारा यंत्रमानव जागा होतो, माहिती चाळतो आणि लगेच माणसांवर उलटतो. मत बनताना दिसतच नाही. जेम्स स्पेडरचा आवाज भारदस्त, पण तोंडी विनोद इतके की धाक उरत नाही. थॉरचा गुहेतल्या पाण्याचा प्रसंग तर पुढच्या चित्रपटांची तजवीज. इन्फिनिटी स्टोन या शक्तिशाली रत्नांची माहिती दुसऱ्या कुणाच्या तोंडी दिली असती तरी भागलं असतं.

घोडबंदरकर: गुहेबद्दल मान्य. धनुर्धारी बार्टनचं (हॉकआयचं) शेतघर मात्र संथ म्हणून मोडीत काढू नका. बायको-मुलं दिसल्यामुळे बार्टनच मरणार असं वाटत राहतं, म्हणून त्याला वाचवताना झालेला वेगवान क्विकसिल्व्हरचा मृत्यू अंगावर येतो.

तलावपाळी: मग हातोड्याचे दोन्ही प्रसंग लागोपाठ दाखवून सुरुवात करतो.