मदत हवी आहे : आईला घेऊन जानेवारीत नागानो. झेंकोजी, बर्फ आणि दुखरे गुडघे

ओवी_सातारा

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जपानला जातोय. भाऊ तोक्योत असतो, त्याच्याकडे दहा दिवस मुक्काम. त्यातले तीन दिवस नागानोसाठी काढलेत. भावाला रजा नाही, त्यामुळे तिकडे आई (वय ७१), माझा तेरा वर्षांचा मुलगा आणि मी, असे तिघंच.

नागानोच का, ते सांगते. १९९९ साली बाबा कंपनीतर्फे ट्रेनिंगला सुवाला होते. ते नागानो प्रांतातच येतं. एका रविवारी ते नागानोतल्या झेंकोजी या बौद्ध मंदिरात जाऊन आले आणि येताना देवळाच्या रस्त्यावरच्या दुकानातून सात मसाल्यांचा एक छोटा पत्र्याचा डबा आणला. मसाला कधीच संपला, पण त्या डब्यात आई अजून वेलदोडे ठेवते. झाकणाच्या कडेचा रंग उडून पत्रा दिसायला लागलाय. बाबा सांगायचे, गाभाऱ्याखाली मिट्ट काळोखाचा बोगदा आहे, भिंत चाचपत जायचं, मध्येच हाताला एक कडी लागते. ती बरोबर मूर्तीच्या खाली. मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत, पण कडी हाताला लागली की भेट झाली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आईने आजवर कुठे न्या म्हणून कधी म्हटलं नव्हतं. हे मात्र म्हणाली.

आता अडचणी. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर चालते, पण जिने आणि खाली बसणं जमत नाही. शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. घसरून पडली तर काय, या विचाराने मला झोप लागत नाही. त्यात लेकाला स्कीइंग करायचंय आणि ती बर्फातली माकडं बघायचीत. मी बँकेत आहे, मार्च-एप्रिलला रजा मिळणं अशक्य, म्हणून जानेवारी. चूक करतेय का? जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.

पूर्वेचा_वारा

ओवीताई, चूक अजिबात नाही. मी सात वर्षं तोक्योत आहे, दर हिवाळ्यात नागानोला जातो. १९९८च्या ऑलिंपिकसाठी आदल्या वर्षी शिनकानसेन (बुलेट ट्रेन) नागानोपर्यंत आणली, तेव्हापासून प्रवास सोपा झालाय. तोक्योहून दीड तासाच्या आसपास लागतो.

लोकांना वाटतं नागानो म्हणजे कमरेएवढा बर्फ. तो वर डोंगरात. शहर सुमारे ३७० मीटरवर, खोऱ्यात आहे, तिथे त्या मानाने कमी पडतो. खरा धोका असतो तो सकाळच्या काचेसारख्या थराचा. दुपारी वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि दिसतही नाही. मी स्वतः दुसऱ्या वर्षी असाच आपटलो होतो, मनगट महिनाभर सुजलेलं. बुटांवर चढवायचे काटेरी रबरी पट्टे मिळतात, पोचल्या पोचल्या आईंसाठी घ्या. दुकानात शिरताना मात्र काढा, फरशीवर तेच घसरतात. स्टेशन ते देऊळ साधारण दोन किलोमीटर, हलका चढ आहे. बसने जा.

निरंजनी

बोगद्याबद्दल मी सांगते. मागच्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले होते, वय ६८.

मुख्य मंदिर १७०७ सालचं, भलंमोठं लाकडी. बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे. गाभाऱ्याच्या उजव्या अंगाला खाली उतरायच्या पायऱ्या आहेत. थोड्याच आहेत, पण तुम्ही पुढे राहा आणि आईंचा डावा हात तुमच्या खांद्यावर ठेवा. उजवा हात उजव्या भिंतीला, कमरेच्या उंचीवर. तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. मुलाला मागे ठेवा. आत डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळत नाही, अगदी खरं सांगते. मोबाइल लावायचा नाही. गर्दी असली की मागचे ढकलत येतात, म्हणून सकाळी लवकर जा. पायाखालची जमीन बर्फासारखी गार असते, तेव्हा लोकरीचे मोजे दोन-दोन घाला.

आणि बाहेरच्या दालनात बिंझुरूची बैठी मूर्ती आहे, ती चुकवू नका. बुद्धाच्या शिष्यांपैकी पिंडोल भारद्वाज तो हाच. आपलं जे दुखतं, तिथे त्याच्या अंगावर हात फिरवायचा आणि मग स्वतःच्या. तीनशे वर्षं लोक हात फिरवतायत, नाक-डोळे पार पुसट झालेत. सासूबाईंनी त्याच्या गुडघ्यावरून इतक्या मायेने हात फिरवला की मलाच भरून आलं. आईंना हेही सांगा, की इथल्या आख्यायिकेत ती गाभाऱ्यातली मूर्ती मुळात वैशालीत घडली, तिथून कोरियामार्गे जपानला आली.

माधुकरी

जेवणाचं बघू. देवळाभोवती ३९ शुकुबो आहेत, म्हणजे यात्रेकरूंचे मठ-निवास. दोन रात्री तिथेच काढा. तिथे शोजिन-र्योरी, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं. पण गृहीत धरू नका, हल्ली काही ठिकाणी मासाही वाढतात. बुकिंग करतानाच मासे आणि माशाचं पाणी (सुपासाठी काढलेला अर्क), दोन्ही नको असं लिहून घ्या. खुर्ची-टेबल आणि उंच पलंग आहे का तेही विचारा, नाहीतर जमिनीवरची गादी आणि गुडघे यांचं जमायचं नाही.

बाहेर ओयाकी खा. गव्हाच्या किंवा बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पारीत भोपळा, वांगं, पालेभाजी भरून वाफवतात किंवा भाजतात. गोड अझुकीची (बारीक लाल कडधान्याची) मिळते, ती आईंना पुरणासारखी वाटेल. भाजीच्यात कधीकधी माशाचा कीस असतो, म्हणून विचारून घ्या. सोबा (बकव्हीटच्या शेवया) प्रसिद्ध आहे, पण सोबतचं पाणी जवळपास नेहमी माशाचं. भावाकडून जपानीत एक चिठ्ठी लिहून घ्या. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्याच, पांढरा भात कुठल्याही दुकानात मिळतो.

रानवाट

माकडांबद्दल माझं मत वेगळं आहे. आईंना नेऊ नका. माकडं असतात त्या जिगोकुदानीला बस उतरल्यावर जंगलातून १.६ किलोमीटर चालायचं, तेवढंच परत. गाडीरस्ता नाही. त्या वाटेवर तुडवून टणक झालेला बर्फ असतो. लेकाला न्यायचं असेल तर आई शुकुबोत अर्धा दिवस आराम करतील असं बघा. माकडं मात्र बघण्यासारखीच. आपल्याकडे महाबळेश्वरला हातातली पिशवी ओढतात, इथली शेजारून निघून जातात, ढुंकूनही बघत नाहीत. खायला देणं तर सोडाच, दाखवायचंही नाही, हा नियम सगळे पाळतात म्हणून.

स्कीइंगला हाकुबा खोऱ्यातलं त्सुगाइके. पायथ्याशी उतार रुंद आणि सौम्य, पहिल्यांदा शिकणाऱ्याला उत्तम. नागानो स्टेशनच्या पूर्व दारातून बस, दीड तासापेक्षा थोडं जास्त. इंग्रजी बोलणारा शिक्षक आधी ठरवा. आणि लेकाला सांगा, १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये भारताकडून शिव केशवन ल्यूजमध्ये (बर्फाच्या मार्गावरून झोपून घसरगाडी हाकण्याची शर्यत) उतरला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

ओवी_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. बिंझुरूचं ऐकून ती हसली, म्हणाली, बाबा हे सांगायचे राहिले.

ठरलं ते असं. दोन रात्री शुकुबो, मेल आजच केली. पहिल्या सकाळी फक्त देऊळ. दुसऱ्या दिवशी भाऊ एक दिवसाची रजा काढून येतोय, तो लेकाला त्सुगाइकेला नेईल. माकडं या वेळी नाहीत. लेक थोडा खट्टू झाला, पण आजीसाठी कबूल केलं.

निरंजनीताई, एकच राहिलं. आईची उंची जेमतेम चार फूट नऊ इंच. बाबा सहा फुटांचे होते. ती कडी तिच्या हाताला लागेल ना?

निरंजनी

लागेल हो. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, कडी आधी तिलाच सापडली. खडखड वाजवली, त्या आवाजावर सासूबाई पोचल्या.