छप्पर लाकूड वाचवते, पण आगीचे काय?
वरचे छप्पर नीट राखले की लाकडी पूल शतकानुशतके टिकतो, असे म्हटले जाते; हे म्हणणे पावसापुरते मान्य आहे. मात्र ज्या कोरडेपणामुळे लाकूड कुजत नाही, त्याच कोरडेपणामुळे ते झपाट्याने पेटते. स्वित्झर्लंडमधील लुत्सर्नचा चौदाव्या शतकातील कापेलब्र्युके हा छपराचा लाकडी पूल १७-१८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री असाच जळाला. पुलाखाली बांधलेल्या बोटीपासून आग लागली, असे मानले जाते. एप्रिल १९९४ मध्ये पूल पुन्हा खुला झाला (ही तत्परता कौतुकास्पदच), परंतु छपराखालच्या तुळयांमध्ये बसवलेल्या सतराव्या शतकातील त्रिकोणी चित्रफलकांपैकी सुमारे दोन तृतीयांश नष्ट झाले. वासे नव्याने घडवता येतात, चित्रे नाही. म्हणून संवर्धनाच्या खर्चात अग्निसूचक यंत्रणेला छपराइतकेच महत्त्व द्यावे, असे मला वाटते.