मदत हवी आहे: परदेशी विद्यार्थ्यांचं प्रबंधलेखन आणि व्हायवा (तोंडी परीक्षा)

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडच्या एका कॉलेजात येमेन, सुदानहून आलेल्या एमएस्सीच्या मुलांना मी इंग्रजीत प्रबंध लिहायला आणि मांडायला शिकवते. व्याकरण फारसं आडवं येत नाही. गाडी अडते ती प्रस्तावनेत. द्राक्षावरच्या डाउनी या बुरशीजन्य रोगावर काम करणारा मुलगा पानभर शेतीचं महत्त्वच सांगत बसतो. आधी कोणी काय केलं, काय राहून गेलं आणि आपण काय करतोय, हे येतच नाही. भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांचा १९९० चा, प्रस्तावना नेमकी याच क्रमाने लिहिण्याचा तीन टप्प्यांचा आराखडा फळ्यावर मांडला की सगळे माना डोलवतात. स्वतःचं लिहायला बसले की पुन्हा 'शेती हा अर्थव्यवस्थेचा कणा'!

दुसरं दुखणं उसनवारीचं. वाक्यातले दोन शब्द बदलायचे, बाकी जसंच्या तसं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांच्या वर, ४० पर्यंत गेलं तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. पण नुसती भीती घालून लेखन सुधारत नाही, असं माझं मत.

तर, मूळ लेख बाजूला ठेवून स्वतःच्या शब्दांत लिहायचा सराव कोणी घेतलाय का? कसा घेता?

आणि नाशिकमधल्या कुणा निवृत्त प्राध्यापकांना शनिवारी दुपारी व्हायवाच्या सरावापुरतं परीक्षक म्हणून बसता येईल का? माझ्यासमोर मुलं छान बोलतात. अनोळखी माणसाने "हीच पद्धत का निवडली?" विचारलं की खाली बघतात. चहा-मिसळ माझ्याकडून.