सोळाव्या वर्षी कळलेले कुळ: पऱ्यांच्या कादंबरीविषयी एक तक्रार

संगमावरचा (हरिपूर, सांगली)

नववीत शिकणाऱ्या भाचीने दिवाळीच्या सुट्टीत मला एक इंग्रजी कादंबरी दिली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय मत द्यायचे नाही, अशी अट घातली. अट पाळली आहे. आयर्लंडच्या किनाऱ्यावरील एका गावात वाढलेल्या मुलीला सोळाव्या वर्षी कळते की, ती माणसाच्या पोटची नाही. तान्हेपणी पऱ्यांनी त्या घरची खरी मुलगी उचलून नेली आणि पाळण्यात हिला ठेवले. येथील परी म्हणजे आपल्या बालगीतांतील पंखवाली, चांदणीची काठी घेतलेली परी नव्हे. ही माणसाच्या उंचीची, देखणी आणि निष्ठुर जमात आहे. तिला लोखंड सोसत नाही आणि खोटे बोलता येत नाही, त्यामुळे तिचे सारे बोलणे ‘नरो वा कुंजरो वा’ या थाटाचे असते. पुढे दरबार, कपटकारस्थान आणि शेवटी सिंहासन.

पुस्तक वेगवान आहे, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार अशी की, जी मुलगी शाळेत कोणाच्या खिजगणतीत नव्हती, तिचे मोल वाढते ते तिने काही केले म्हणून नव्हे, तर तिच्या अंगात राजरक्त निघाले म्हणून. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातले. त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. जन्मावरून माणूस जोखू नये हे एवढी वर्षे ऐकलेल्या मुलखात आपली मुले हौसेने नेमके उलट वाचत आहेत. आपल्याकडे कुळ लपलेला सर्वांत मोठा नायक कर्ण. त्याला कुळ कळले, कृष्णाने राज्यही देऊ केले, तरी तो राधेचाच मुलगा राहिला. ही नायिका मात्र दुसऱ्याच आठवड्यात मुकुट घालून बसते.

गावभाग (सांगली)

आपण पुस्तक पूर्ण वाचलेत, पण चौदा वर्षांच्या मुलीसारखे वाचले नाहीत, असे नम्रपणे म्हणते. लहानपणी मला घरात सगळे चिडवत की, तुला जुन्या दोन साड्या देऊन बोहारणीकडून घेतली आहे. हे वाक्य किती घरांत बोलले गेले असेल याची गणतीच नाही. मी ते इतके मनावर घेतले होते की, दुपारी सगळे झोपल्यावर स्टीलच्या डब्यात तोंड पाहत बसे आणि माझे नाक आईसारखे आहे की नाही ते ताडून पाही. डब्याच्या गोलाईत नाक कोणासारखेच दिसत नसे, हा भाग वेगळा. त्या वयात राजरक्ताचे आकर्षण नसते. ‘या घरात मी चुकून आले आहे’ हे जे कोणालाच सांगता येत नाही, ते दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवले आहे, याचा दिलासा असतो.

ही कादंबरी माझ्या मुलीमुळे मीही वाचली आहे. त्या आईच्या स्वयंपाकघराबद्दल आपण चकार शब्द काढला नाही, याचे नवल वाटते. तांब्याची भांडी, लाकडी डाव, पितळी कोयंडे. सोळा वर्षे त्या बाईने घरात लोखंड येऊ दिलेले नाही. तवा आणि विळी नसलेले घर डोळ्यांसमोर आणून पाहा. तिला पहिल्यापासून माहीत होते, आणि तरीही तिने त्या मुलीला वाढवले.

माहुलीकर (सातारा)

आपण दोघेही या कल्पनेला फार सौम्यपणे घेत आहात. अदलाबदलीच्या मुलाची समजूत आयर्लंडमध्ये गोष्टीपुरती नव्हती. १८९५ मध्ये टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही शिवणकाम करणारी सव्वीस वर्षांची स्त्री आजारी पडली. पिंपे बनवणाऱ्या तिच्या नवऱ्याने ठरवले की, ही आपली बायको नव्हे, पऱ्यांनी ठेवलेली तोतया आहे. झाडपाला उकळून तिला बळेबळे पाजला, तू कोण आहेस हे पुन्हापुन्हा वदवून घेतले आणि अखेर तिला जाळले. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, त्यातली पंधरा त्याने भोगली.

बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा अडकित्ता ठेवणारी आपली माणसे आणि पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवणारी तिकडची माणसे एकाच भीतीने जागत होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या गावात राहून मला हे विसरता येत नाही. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला, तो अशी मारहाण होत होती म्हणूनच. ‘ही ती नव्हेच’ हे वाक्य कादंबरीत सुंदर वाटते, पण प्रत्यक्षात ते बहुधा बाईविषयीच उच्चारले जाते.

काळी माती (वाळवा)

माहुलीकर, आपण दिलेली माहिती मोलाची आहे, परंतु गोष्टीतील परीला पोलीस पाटलापुढे उभे करू नये. विहिरीवरच्या सात आसरांना हिरव्या बांगड्या वाहणाऱ्या आमच्या आजीने कधी कोणाला मारले नाही. आसरा हा शब्दच अप्सरेवरून आलेला; त्यांच्यावर अशी कादंबरी मराठीत झाली तर मी पहिली प्रत घेईन, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

माहुलीकर (सातारा)

पोलीस पाटलाकडे नेत नाही. ही समजूत कुठून आली हे लेखिकेने एका पानात तरी सांगायला हवे होते, एवढेच म्हणतो. वाचणारी मुले चौदा वर्षांची आहेत, चार वर्षांची नाहीत. त्यांना ते पेलले असते.

संगमावरचा (हरिपूर, सांगली)

गावभाग यांचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “मामा, दुसऱ्या मुलीचे काय झाले, हे तुम्ही विचारलेसुद्धा नाहीत.” मी खरोखरच विचारले नव्हते. पऱ्यांनी नेलेली ती खरी मुलगी दरबारात सोळा वर्षे पेले भरत असते आणि शेवटच्या प्रकरणात घरी परत येते. तिच्यासाठी आई प्रथमच बाजारातून लोखंडी तवा आणते, पण तो स्वयंपाकघरात न ठेवता बाहेरच्या पडवीत टांगते. कारण दिलेले नाही. मी ती ओळ वाचून तसाच पुढे गेलो होतो. भाचीने त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवलेला आहे.

मुकुटाविषयीची तक्रार मात्र मी मागे घेत नाही. ज्या लेखिकेला तो तवा पडवीत टांगता आला, तिला सिंहासनाची गरज का पडावी, हे मला अजून उलगडलेले नाही. कोणाला उलगडले असल्यास जरूर लिहावे.

गावभाग (सांगली)

सिंहासनाचा मुद्दा मान्य आहे. तो कोपरा उलगडू नका.