बॉयलर ते कुकर: रबरी होज की लोखंडी पाईप? (होजवाल्या पोस्टला उत्तर)

तिरफळ_कुडाळ:
परवा इथे एकाने लिहिलं की काजूच्या छोट्या युनिटला वेल्डिंगची पाईपलाईन म्हणजे पैशाचा चुराडा. बॉयलरपासून बी वाफवायच्या कुकरपर्यंत रबरी होज, म्हणजे जाड नळी, ओढा, एका दुपारी काम खलास. खाली अंगठ्यांची ही रांग. म्हणून लांबलचक लिहितोय.

पाच किलो दाबावर वाफ १५८-१५९ अंशाची असते. होज दोन खांबांमध्ये झोळ धरतो, झोळात थंड झालेल्या वाफेचं पाणी साचतं. सकाळी कोणी घाईत व्हॉल्व उघडला की मागची वाफ तेच पाणी उचलून टोकावर आपटते. लोखंडी लाईनमध्येही पाणी होतंच, पण तिला शंभराला एक असा उतार देता येतो, मध्ये पाणी जमायला खाली पॉकेट काढून ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व) बसवता येतो. झोळाला ट्रॅप कुठे बसवणार? शिवाय कुकरमध्ये वाफेऐवजी पाणी शिरलं की बी नुसती भिजते. मग वाळवत बसा.

होजची जागा शेवटच्या दीड-दोन मीटरला, जिथे कुकर हलतो. बाकी सगळी सी क्लास, म्हणजे जाड भिंतीची पाईप.

दोडामार्गचो_गडी:
ती पोस्ट माझीच. नाव घ्यायला लाज वाटली का?

माझी शेड भाड्याची. मालक कधी ‘उठा’ म्हणेल सांगता येत नाही, वेल्डिंग केलेली लाईन काय खांद्यावर घेऊन जाऊ? आणि तुमच्या पाईपचं कौतुक ऐकवू नका. आमच्या आधीच्या लाईनला लॅगिंग (उष्णता राखणारं आवरण) होतं, वर पत्रा. पावसाचं पाणी आत मुरलं ते मुरलंच. पत्रा वरून चकचकीत, आत पाईपचे पापुद्रे. फिटरला फोन केला तर तो कोल्हापूरहून येणार, आंबोलीत दरड आली की तेही नाही.

मी एअर होज नाही लावलेला. वाफेचाच आहे, ईपीडीएम या उष्णता सोसणाऱ्या रबराचा, आत तारेची जाळी. कामाच्या दाबाच्या दहापट दाबाला फुटतो.

तिरफळ_कुडाळ:
दहापट नव्याकोऱ्या होजला! रबर वाफेने कडक होतं, आतून फुगून तुकडे सुटतात. आणि होज फुटायच्या आधी टोकाचा क्लॅम्प निसटतो. आमच्या शेजारच्या शेडमध्ये निसटला, जेवणाची सुट्टी होती म्हणून काजू फोडणाऱ्या बायका वाचल्या. होज बसवल्यावर किती वेळा नटबोल्ट आवळलेत तुम्ही, खरं सांगा.

रत्नागिरी_पल्प:
आम्ही हापूसच्या रसवाले. सीझनला रस तापवायची केटल सकाळपासून रात्रीपर्यंत चालू, लाईन पाईपचीच. पण पाईपवाल्यांनी एक ऐकावं. तीस मीटरची सरळ लाईन गरम झाली की साडेचार सेंटिमीटरच्या वर वाढते. दोन भिंतींमध्ये घट्ट वेल्ड करून ठेवतात आणि मग ‘गॅस्केट सारखं का गळतं’ म्हणून विचारतात. वाढीला जागा म्हणून मध्ये लूप, म्हणजे वळसा द्या.

आणि साडेतीन किलो दाबाच्या वर वाफ नेणारा पाईप बॉयलर कायद्यात ‘स्टीम पाईप’मध्ये मोडतो. आता २०२५ चा नवा कायदा आलाय. इन्स्पेक्टरला तुमचा झोळ दाखवाल का?

बंदरावरचा_वेल्डर:
मधला मार्ग: स्टेनलेसचा जाळीदार होज.

रत्नागिरी_पल्प:
समुद्रापासून हाकेच्या अंतरावर? ३०४ ला (नेहमीच्या स्टेनलेसला) साठ अंशांच्या वर खारट हवा लागली की बारीक चिरा जातात. आतली घडीची नळी अर्ध्या मिलिमीटरचीसुद्धा नसते. मधला मार्ग म्हणे.

खळ्यातलो_भाऊ:
तुमचो होज नि पाईप घाला चुलीत. माझो बॉयलर आधी अर्ध्या तासात पाच किलोवर येय. काजूची टरफलां जाळूक लागल्यापासून दुपार होता तरी काटो हलणा नाय. ट्यूबांत डांबरासारखी काजळी. वाफच नाय तर लाईन कसली लावतलास?

दोडामार्गचो_गडी:
भाऊ, आधी टरफलाचं तेल काढा. पाव हिस्सा तेलच असतं त्यात. घाण्यातून काढून उरलेली पेंड जाळा, धूर कमी.

खळ्यातलो_भाऊ:
घाणो काय तुझो बापूस देतलो? तेलवालो टरफलां नेता मातीच्या भावान, नि लाकूड घेतलां तर सोन्याचा.

कलमवाली_देवगड:
आणि त्या धुराचं काय? मोहोर यायच्या दिवसात शेजारच्या भट्टीचा काळा धूर थेट आंब्याच्या कलमांवर. कपडे वाळत घातले तर पिवळे डाग, डोळे चुरचुरतात. तक्रार केली तर ‘ताई, रोजगार आहे’. आमच्या कलमांवर राबणाऱ्यांचा रोजगार नाही वाटतं?

तिरफळ_कुडाळ:
ताई, धागा वाफेच्या लाईनचा आहे.

कलमवाली_देवगड:
वाफ कशावर होते, हवेवर? तुमचं लॅगिंग नीट असतं तर जळण कमी लागलं असतं आणि धूरही. त्यावर एक ओळ लिहिली नाहीत, उतार मात्र शंभराला एक.

रत्नागिरी_पल्प:
यात ताईंचा मुद्दा बरोबर आहे. उघडा पाईप म्हणजे जळण वाऱ्यावर.

दोडामार्गचो_गडी:
बरं बाबा, जिंकलात. मधली लाईन पाईपची करतो, फ्लँजची (नटबोल्टने जोडायच्या चकत्यांची), म्हणजे शेड सोडताना उचलून नेता येईल. कुकरकडे होज राहणार, त्यावर वाद नको. फक्त पावसाआधी फिटर तुम्ही पाठवा, तिरफळराव. एवढं ज्ञान आहे तर एक माणूसही असेल.

तिरफळ_कुडाळ:
फ्लँज चालेल. फिटर माझ्याकडे असता तर मी इथे लिहीत बसलो असतो का?

खळ्यातलो_भाऊ:
माझ्या ट्यूबांचा कोण बोलतलो?