मदत हवी आहे : किलिमांजारो, मचामे मार्ग. ६ दिवस पुरतील का?

नमस्कार मंडळी,
फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे टांझानियातल्या किलिमांजारोला जायचं ठरवतोय. वयं ४४ आणि ४१. मचामे मार्ग, ६ दिवसांचं पॅकेज. विमान अदिस अबाबामार्गे (इथिओपिया), तिथे १३ तासांचा थांबा, त्यात शहर बघून घ्यायचा विचार आहे. दुपारी किलिमांजारो विमानतळावर उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी चढाई सुरू. पूर्ण पैसे अजून भरलेले नाहीत.

१. ६ दिवस की ७?
२. पिवळ्या तापाची लस लागेल का?
३. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यावी का?
४. सामानात लोक नेमकं काय चुकतात?

---

कातळवाट :
७ घ्या. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

६ दिवसांच्या वेळापत्रकातला चौथा दिवस नीट वाचा. बरांको कॅम्प (साधारण ३९५० मी.) ते बराफू कॅम्प (४६०० मी.च्या वर) एका दमात, वाटेत कारंगा कॅम्पला फक्त जेवणापुरता थांबा. बराफूला पोचेपर्यंत दुपार उलटते. सातला आडवं व्हायचं, अकराला उठवतात, बाराच्या सुमारास माथ्याकडे निघायचं. म्हणजे दिवसभर चालून, दोन-तीन तास कशीबशी झोप काढून ५८९५ मीटरवर जायचं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर असतो.

७ दिवसांत कारंगाला (४००० मी.च्या आसपास) मुक्काम मिळतो. दुसऱ्या दिवशी तीन-चार तासांत बराफू, आणि अख्खी दुपार झोपायला. शरीराला चार हजार मीटरवर आणखी एक रात्र मिळते, हा खरा फायदा. परवडत असेल तर ८ दिवसांचा लेमोशो मार्ग याहून बरा.

आणि तिसऱ्या दिवशी लावा टॉवर (४६०० मी.) टाळून थेट बरांकोला जाणारी खालची वाट असते. दमलेल्यांना ती सुचवली जाते. आजारी नसाल तर घेऊ नका. वर जाऊन खाली झोपायला येणं हाच त्या दिवसाचा उपयोग आहे.

---

पासपोर्टपान :
प्रश्न २. टांझानिया लसीचं प्रमाणपत्र पिवळ्या तापाच्या देशातून येणाऱ्यांकडे मागतं, आणि अशा देशात १२ तासांहून जास्त थांबा झाला किंवा विमानतळाबाहेर पडलात तरीही. इथिओपिया त्या यादीत आहे. तुमचे १३ तास आणि वर शहरदर्शन, म्हणजे लस हवीच. प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, ते जन्मभर चालतं. भारतात परतताना प्रमाणपत्र नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, तेव्हा मूळ पिवळं कार्ड (म्हणजे हेच प्रमाणपत्र) पासपोर्टसोबतच ठेवा.

ई-व्हिसा आधीच काढा आणि छापील प्रत जवळ ठेवा. २०१९ पासून टांझानियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. कपडे पिशव्यांत गुंडाळून नेऊ नका, कापडी किंवा ड्राय बॅग वापरा. प्रसाधनांची झिपलॉक चालते, पण ती परत घेऊन यायची.

आणखी एक गंमत. स्वाहिली घड्याळ सकाळी सहापासून मोजतात. 'सा म्बिली', म्हणजे शब्दशः दोनची वेळ, म्हणजे आपले सकाळचे आठ. गाडीची वेळ ठरवताना दोनदा विचारून घ्या.

---

थंडहात :
३. डायमॉक्स (असेटाझोलामाइड) डॉक्टरांना विचारूनच. प्रतिबंधासाठी नेहमीचं प्रमाण १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. घरी दोन दिवस घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येणं, वारंवार लघवी आणि सोड्याची पेयं बेचव लागणं, हे अपेक्षितच आहे. ते तंबूत पहिल्यांदा कळलं की माणूस उगाच घाबरतो.

ही गोळी लक्षणं झाकत नाही, पण गोळी घेतली म्हणून पुढे रेटायचा परवानाही मिळत नाही. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर त्याच उंचीवर थांबा. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येत नसेल, बोलणं बरळल्यासारखं होत असेल, किंवा बसल्याजागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी लगेच खाली. ऑक्सिमीटर न्या, पण गार बोटावर तो काहीही आकडा दाखवतो. बोट आधी काखेत धरून गरम करा.

मोशीत (पायथ्याचं शहर) मलेरिया आहे, त्याची गोळीही विचारा. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हात लवकर भाजते, आणि वाटेतल्या शिरा पठारावर ऊन कडक असतं.

---

कातळवाट :
४ बद्दल. हमालाच्या पाठीवर जाणारी तुमची बॅग १५ किलोच्या आत हवी. गेटवर वजन करतात.

बूट पायात घालूनच विमानात बसा. पहिल्या दोन दिवसांचे कपडे, औषधं, हेडलॅम्प आणि पावसाचं जॅकेट हातसामानात. चेक-इन बॅग उशिरा आली तर स्लीपिंग बॅग आणि डाउन जॅकेट मोशीत भाड्याने मिळतं, पण पायात मुरलेले बूट मिळत नाहीत. भाड्याची स्लीपिंग बॅग घेताना आत शिरून चेन डोक्यापर्यंत ओढून बघा. अडकते ती तिथेच. पॉवर बँक हातसामानातच.

माथ्याच्या रात्री उणे १० ते उणे २० धरून चला. पाठीवरच्या पाणपिशवीची नळी गोठते. प्रत्येक घोटानंतर फुंकून पाणी मागे ढकललं तरी पहाटे ती दगा देतेच. रुंद तोंडाची बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, म्हणजे तो बुडाकडे राहतो आणि झाकण उघडतं. वापरून फेकायच्या प्लास्टिक बाटल्या उद्यानात चालत नाहीत. हेडलॅम्पचे सेल निघण्याआधीच नवे घाला. अंधारात जाड हातमोजे काढून सेल बदलणं म्हणजे बोटं गमावायचा धंदा.

मोज्यांचे दोन जोड चढवून बूट घट्ट झाले तर पाय जास्त गारठतात. एकच जाड लोकरी जोड पुरे. उतरण्याआधी नखं कापा आणि घोट्यापाशी नाडी आवळा. उहुरू (माथा) ते म्वेका कॅम्प एकाच दिवसात जवळजवळ २८०० मीटर उतार आहे, अंगठ्याची नखं तिथेच काळी पडतात.

---

धागाकर्ते :
भरपूर आभार. ७ दिवसांचं करतोय. विमा आणि टीप राहिलं विचारायचं.

---

पासपोर्टपान :
विमा : 'ट्रेकिंग समाविष्ट' एवढ्यावर विसंबू नका. उंचीची मर्यादा ६००० मीटर आहे का आणि हेलिकॉप्टरने सुटका धरलीय का, हे लेखी मागा. बऱ्याच पॉलिसी त्याच्या खूप खालीच थांबतात.

टीप : मुख्य गाइडला दिवसाला २० डॉलरच्या आसपास, स्वयंपाक्याला १२ ते १५, हमालाला ६ ते १०. ही रक्कम पूर्ण गटाची असते, प्रत्येक ट्रेकरची वेगळी नाही. दोघांमागे सहा-आठ हमाल सहज असतात, तेव्हा आकडा आधीच मांडा. सुट्या, नव्या नोटा न्या, जुन्या किंवा फाटक्या डॉलरना तिकडे कोणी हात लावत नाही. आणि हमालांचे पैसे शक्यतो त्यांच्याच हातात द्या.

---

थंडहात :
एक राहिलं. दुपारी उतरून सकाळी निघू नका, मोशीत मध्ये एक पूर्ण दिवस ठेवा. बॅग हरवली तर ती यायला तेवढा वेळ लागतोच.